अक्षर जुळविणाऱ्याचा भार



‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ या दोन वाक्यांत कागदावर फरक आहे तो केवळ एका रकाराच्या वळणाचा. परंतु पहिल्या निरोपाने गुरुजी येतील आणि दुसऱ्याने पंगतीचा स्वयंपाक रांधणारा येईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांच्या कुशीतील खोल जागा; तेथेही तोच प्रकार. यकाराच्या डावीकडे पापणीसारखा वळणारा हा रकार मराठीस, कोकणीस आणि नेपाळीस लागतो. हिंदीचे त्यावाचून अडत नाही. हे वळण वाचकाच्या दृष्टीस नेमक्या जागी कोण पाडतो आणि ते काम बिनबोभाट चालू राहावे म्हणून कोण राबतो, याचा अलीकडचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो आहे संगणकाचा. परंतु त्यातील मूळ प्रश्न जुना आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी हे काम जुळाऱ्याचे होते. त्याच्यासमोरच्या खणांत देवनागरीचे शेकडो खिळे असत. मूळ अक्षरे निराळी, अर्धी अक्षरे निराळी, जोडाक्षरे निराळी आणि काने, मात्रा, वेलांट्या, रफार निराळे. १८६९ साली जावजी दादाजींनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती देशभर पसरली ती त्याच्या सुबक खिळ्यांमुळे. वाचकास जे सहज आणि सुंदर दिसे, त्याचा भार जुळाऱ्याच्या डोळ्यांवर, हातांवर आणि छापखान्याच्या भांडवलावर पडत असे.

हा भार हलका करावा, या विचारात गैर काही नव्हते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीत इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे न ठेवता अि, अी, अु, अू असे लिहावयाचे होते आणि काही नियतकालिकांनी ती पद्धत बरीच वर्षे चालविलीही. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याचे ठरविले. यंत्राची सोय त्यात निश्चित होती. परंतु वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती पटली नाही आणि काही वर्षांतच वेलांटी पुन्हा आपल्या जागी आली.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. जुळविणाऱ्याचा भार कमी करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे तो भार वाचणाऱ्याच्या माथी ढकलणे आणि दुसरा म्हणजे तो अनेकांनी मिळून वाहणे. लिपिसुधारकांनी पहिला मार्ग सुचविला, तो वाचकाने मानला नाही. दुसरा मार्ग संगणकाच्या युगात सापडला. परंतु तोही सुखासुखी सापडला नाही.

संगणकात मराठी मजकूर कसा साठविला जातो, हे आधी थोडक्यात पाहू. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी आखलेल्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. या पद्धतीत देवनागरीसाठी १२८ घरे राखलेली असून त्यांत जोडाक्षरांना स्वतंत्र घर नाही. ‘कि’ हे अक्षर साठविताना आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठविले जाते. दाखविताना मात्र वेलांटी क-च्या आधी आणावी लागते. ‘आचार्यास’मध्ये र, हलन्ताची खूण आणि य हे तीन संकेत असतात, ‘आचाऱ्यास’मध्ये र-ऐवजी खाली टिंब असलेला ऱ असतो. त्यातून एके ठिकाणी रफार वर चढवावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी पापणी वळवावयाची, हे प्रत्येक वेळी मजकूर पडद्यावर येताना ठरवावे लागते. खिळ्यांचे खण गेले. परंतु जुळारी गेला नाही. तो आता आज्ञावलीच्या रूपाने संगणकाच्या आत बसला. या जुळाऱ्यास मराठीचे नियम ठाऊक नसतील तर हलन्ताचा पाय लोंबत राहतो, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि वाचणारा म्हणतो, संगणकाला मराठी येत नाही.

आता मुक्तस्रोत आज्ञावलींकडे वळू. ज्या आज्ञावलीची मूळ लेखी संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्यास देता येते, ती मुक्तस्रोत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि पुढे या दोहोंभोवती शेकडो स्वतंत्र प्रकल्प उभे राहिले. हे प्रकल्प निरनिराळ्या माणसांचे असतात. त्यांना एकत्र बांधून घरी वापरण्याजोगा संच तयार करणाऱ्यांना ‘वितरक’ म्हणतात. अशा जगात एखादे काम स्वतः करावे की शेजाऱ्याने केलेले आपल्या घरात आणावे, हा प्रश्न रोजचाच. शेजाऱ्याचे आणले तर वापरणाऱ्यास चांगली वस्तू लवकर मिळते. परंतु शेजाऱ्याने उद्या ती बदलली, सोडून दिली किंवा तिच्यात दोष निघाला, तर तोही आपल्या घरात येतो. स्वतः केले तर वस्तू आपल्या मुठीत राहते. परंतु तिची निगा जन्मभर आपल्यालाच राखावी लागते.

अक्षरजुळणीच्या बाबतीत आरंभी जवळजवळ प्रत्येकाने आपापला जुळारी ठेवला. ‘फ्रीटाइप’ या प्रकल्पात अक्षरांचे आकार वाचण्याबरोबर जोडाक्षरे जुळविण्याचाही काही भाग लिहिलेला होता. फ्रीटाइपने पुढे तो आपल्याकडून वगळला. तोवर त्याची एक प्रत ‘पँगो’ने आणि दुसरी ‘क्यूटी’ने आपापल्या घरी नेली होती. या दोन घरांवर लिनक्सवरील दोन मोठ्या कार्यमंचांचा, म्हणजे ‘नोम’ आणि ‘केडीई’ यांचा, मजकूर अवलंबून होता. दोन्ही प्रती आपापल्या वाटेने वाढल्या. ‘आयसीयू’ या संचात तिसरा जुळारी होता आणि ‘ओपनऑफिस’ त्याचा आधार घेई. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये ‘युनिस्क्राइब’ होता. त्याची संहिता मात्र बंद होती.

याचा परिणाम काय झाला? एका घरातील जुळाऱ्यास पापणीचा रकार शिकविला तरी दुसऱ्या घरातील अडाणीच राही. तेच मराठी पत्र एका आज्ञावलीत शुद्ध दिसे आणि दुसरीत मोडके. दोष कळविणाऱ्याने तोच दोष चार ठिकाणी कळवावा आणि चार ठिकाणच्या माणसांनी तो चार वेळा दुरुस्त करावा, अशी स्थिती झाली. या माणसांपैकी बहुतेकांना देवनागरी वाचता येत नसे, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यांची अनास्था होती असे नव्हे. ज्याला दोष दिसतच नाही, त्याने तो दुरुस्त कसा करावा?

सोय आणि भार यांचा पहिला उघड झगडा ‘फायरफॉक्स’ या न्याहाळकात दिसला. २००६ च्या सुमारास लिनक्सवर फायरफॉक्सच्या दोन तऱ्हेच्या प्रती मिळत. मोझिलाने स्वतः बांधून दिलेल्या प्रतीत पँगोचा उपयोग बंद ठेवलेला असे. फेडोरासारख्या वितरकांनी बांधलेल्या प्रतीत तो चालू असे. पँगो चालू असली की देवनागरी नीट दिसे, परंतु पान उमटण्यास वेळ लागे. ज्यांना केवळ रोमन अक्षरे वाचावयाची होती त्यांना हा विलंब जाचू लागला आणि पँगो बंद कशी करावी याचा कानमंत्र सर्वत्र पसरला. इकडे हिंदुस्थानी भाषांच्या वाचकांना नेमका उलट कानमंत्र शिकावा लागे. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अवघड लिप्यांची जुळणी सर्वांसाठीच चालू झाली आणि हा कानमंत्रांचा खेळ थांबला. परंतु मधल्या काळात एक गोष्ट उघड झाली. अवघड लिप्यांची सोय हे वेगळे ठिगळ म्हणून जोडले, तर घाई झाली की ते पहिल्यांदा उसवले जाते. ती मुख्य कापडातच विणलेली असली पाहिजे.

ते कापड विणण्याचा उद्योग ‘हार्फबझ’ या नावाने झाला. हे नाव फारसीवरून घेतले आहे. हैदराबादेकडील श्रोत्यांना ते सहज उमगेल. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडा. २००६ च्या सुमारास पँगो आणि क्यूटी यांच्या घरी वाढलेल्या दोन प्रती पुन्हा एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न झाला. पुढे बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी आज्ञावलीकाराने ती सगळी संहिता नव्याने लिहावयास घेतली. त्यांनी आधी रेडहॅटच्या आणि नंतर गूगलच्या नोकरीत असताना हे काम केले. परवाना निवडला तोही उदार. ही संहिता कोणीही घ्यावी, बदलावी, विकाऊ वस्तूतही वापरावी. मूळ हक्काची नोंद तेवढी ठेवावी. भार वाटून घ्यावयाचा तर दार सर्वांना उघडे हवे, हा त्यातील विचार.

देवनागरी जुळणी बरोबर आहे की नाही, हे ठरविण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. विकिपीडियातील लेखांमधून लक्षावधी शब्द गोळा केले गेले आणि प्रत्येक शब्द हार्फबझ आणि युनिस्क्राइब या दोघांकडून जुळवून घेऊन निकाल ताडून पाहिले गेले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द या कसोटीस लावले होते. संहितेतील प्रत्येक फेरबदलानंतर किती शब्द फसले याचा आकडा नोंदला जाई. ज्याला मराठी येत नाही, त्याच्याही हाती त्यामुळे मराठीची एक कसोटी आली.

यात एक अडचण निघाली. कधी कधी युनिस्क्राइबचेच वागणे सदोष असे. परंतु टंक तयार करणाऱ्यांनी आपले टंक विंडोजवर पारखलेले असल्यामुळे ते त्या दोषांना धरून बेतलेले असत. शुद्ध नियमांप्रमाणे जुळवावे तर वाचकास ओळखीचे अक्षर मोडलेले दिसावे. दोषाची नक्कल करावी तर ती नक्कल पुढे कायम सांभाळावी लागावी. हार्फबझने पुष्कळ ठिकाणी वाचकास जे दिसावयाचे ते तसेच दिसू दिले. आणि जे निखालस दोष होते त्यांची हुबेहूब नक्कल तपासणीपुरती मागता येईल, अशी एक कळ वेगळी ठेवली. हा तोडगा एकदाच काढून चालत नाही. प्रत्येक प्रसंगी नव्याने तोलावा लागतो.

यानंतर एकेका घराने आपला जुळारी निरोप देऊन काढला. २०१२ साली पँगो हार्फबझवर आली. २०१३ साली ओपनऑफिसमधून निघालेल्या ‘लिब्रेऑफिस’ने लिनक्सवर आणि २०१७ साली खालिद हुस्नी यांच्या पुढाकाराने विंडोज व मॅक यांवरही हार्फबझ स्वीकारला. तोवर लिब्रेऑफिस प्रत्येक यंत्रावर त्या यंत्राचा जुळारी वापरीत असल्यामुळे एकाच दस्तऐवजाच्या ओळी ठिकठिकाणी निरनिराळ्या तुटत. आयसीयूने २०१४ साली आपला जुळारी निवृत्त केल्याचे जाहीर केले, त्याच्यावर विसंबणाऱ्यांना हार्फबझकडे जाण्याचा सल्ला दिला आणि २०१६ साली तो काढूनच टाकला. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड हे सारे त्याच पंगतीत आले. अडोबीच्या इनडिझाइनमध्येही, म्हणजे जेथे आज अनेक वृत्तपत्रांची पाने मांडली जातात तेथेही, आता तो जाऊन बसला आहे.

सीमेवरच्या गावांना याचे महत्त्व विशेष. बेळगावात एका पत्रकावर मराठी आणि कन्नड शेजारी बसतात, बडोद्यात मराठी आणि गुजराती, हैदराबादेत तेलुगू, उर्दू आणि देवनागरी. प्रत्येक लिपीसाठी निराळी सोय असती, तर कोणती ना कोणती मागे पडलीच असती. एकच जुळारी सर्व लिप्या शिकलेला असल्यामुळे एकीची दुरुस्ती करताना दुसरी बिघडली तर ते तपासणीत दिसते.

येथवर ऐकून कोणास वाटेल की एकीकरणात लाभच लाभ आहे. परंतु २०१९ साली पँगोच्या १.४४ या आवृत्तीने दुसरी बाजू दाखविली. अक्षरांच्या आकाराची माहितीही आता हार्फबझकडूनच घ्यावयाची, असे पँगोने ठरविले. त्यामुळे संहिता आटोपशीर झाली. परंतु ठिपक्याठिपक्यांनी घडविलेले जुने टंक आणि पोस्टस्क्रिप्टच्या पहिल्या पिढीतील टंक दिसेनासे झाले, कारण हार्फबझ ते वाचीत नव्हता. लहान पडद्यावर त्या ठिपक्यांच्या अक्षरांची वर्षानुवर्षे सवय झालेल्या माणसांना एके दिवशी आपल्या खिडकीत अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या. तक्रारींचा पाऊस पडला. सांभाळणाऱ्यांचे म्हणणे असे की थोड्या माणसांच्या जुन्या टंकांसाठी एक संपूर्ण निराळी वाट आम्ही किती काळ सांभाळावी? वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की आमचे काय चुकले?

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मग न्याय कसा करावा? मला वाटते, दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. मराठी वाचकास दुसरी लिपी घेणे शक्य नव्हते. ठिपक्यांच्या टंकांना मात्र नव्या वेष्टनात घालणे शक्य होते आणि फेडोराच्या माणसांनी तसे करून दिलेही. म्हणून पँगोचा निर्णय मुळात असमर्थनीय नव्हता. उणीव होती ती क्रमाची. आधी नवे वेष्टन हाती द्यावयाचे आणि मग जुनी वाट बंद करावयाची, असे झाले असते तर बराचसा रोष टळला असता. जो भार आपण खांद्यावरून उतरवितो, तो कोणाच्या अंगावर पडणार हे आधी पाहून ठेवणे, हाही देखभालीचाच भाग आहे.

आणि भार एकत्र केला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो एका जागी येतो. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा जगाला हे कळले. ओपनएसएसएल या मुक्तस्रोत संहितेवर जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता अवलंबून होती आणि तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस अवघा एक होता. देणग्या येत त्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच्या. सर्वांनी आपले ओझे एका खांबावर टेकविले होते आणि खांब कशावर उभा आहे हे फारसे कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. अक्षरजुळणीच्या बाबतीत सुदैवाने मोठ्या संस्थांनी पगारी माणसे दिली. परंतु पगार देणारे हात उद्या आखडले तर काय, हा प्रश्न तेथेही उरतोच.

या इतिहासातून घ्यावयाचे ते एवढेच. सोय आणि देखभाल या तराजूच्या दोन विरुद्ध पारड्यांतील वस्तू आहेत असे आपण समजतो. परंतु जी सोय सांभाळावयास माणूस नाही, ती चार दिवसांची पाहुणी असते. आणि भार कमी करावा म्हणून जर वाचकच वगळले, तर शेवटी सांभाळावयाचे ते कोणासाठी? मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने स्वतंत्र जुळाऱ्यापेक्षा सर्वांच्या सामाईक जुळाऱ्यास मराठी नीट शिकविलेली असणे अधिक हिताचे, असे गेल्या वीस वर्षांचा अनुभव सांगतो.

मात्र त्या शिकविण्यात आपलाही वाटा आहे. पडद्यावर एखादे जोडाक्षर मोडलेले दिसले की आपण चुकचुकतो आणि पुढे वाचू लागतो. दूर देशी बसलेल्या ज्या माणसाला हा दोष दुरुस्त करावयाचा आहे, त्याला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. तो शब्द कोणता, कोणत्या आज्ञावलीत, कोणत्या टंकात मोडला आणि तो कसा दिसावयास हवा, एवढे चार ओळींत लिहून त्या प्रकल्पाकडे धाडणे हे कोणाही साक्षर माणसास जमण्याजोगे आहे. खिळ्यांच्या काळी वाचकाने चूक दाखविली की छापखान्यातील जुळारी खिळा बदलीत असे. आजचा जुळारी फार दूर आहे. परंतु चूक त्याच्यापर्यंत पोहोचली तर ती एका छापखान्यापुरती नव्हे, साऱ्या जगातील मराठी वाचकांपुरती एकाच वेळी सुधारते.